वजनकाटा दर वेळी वेगळा आकडा दाखवतो : दोष फरशीचा, काट्याचा की अंगातल्या पाण्याचा?

सकाळी काट्यावर उभं राहिलं, ७२.४. उतरून परत चढलं, ७१.६. काटा जरा भिंतीकडे सरकवला तर ७३.१. आणि काल याच वेळेला होतं ७१.९. डाएट चालू असताना असं झालं की माणूस एक तर नवीन काटा मागवतो, नाहीतर डाएटच सोडून देतो. बहुतेक घरांत यातलं काहीच करायची गरज नसते.

या तक्रारीत दोन वेगळ्या भानगडी एकत्र अडकलेल्या असतात. एकाच मिनिटात दोनदा चढून दोन आकडे येतात, ही एक. आजचा आणि उद्याचा आकडा जुळत नाही, ही दुसरी. मिनिटाभरात शरीराचं वजन आठशे ग्रॅमने हलत नाही, त्यामुळे पहिल्या भानगडीत दोष काट्याचा, फरशीचा किंवा उभं राहण्याच्या पद्धतीचा. दुसरीत दोष बहुधा कुणाचाच नसतो. पण पहिली मिटवल्याशिवाय दुसरीबद्दल बोलण्यात अर्थ नाही, म्हणून क्रम तोच ठेवतो.

पाच वेळा चढा, पाच वेळा उतरा

काटा घरातल्या सगळ्यात सपाट, कडक फरशीवर ठेवा. अनवाणी चढा, आकडा स्थिर होऊ द्या, उतरा, स्क्रीन विझेपर्यंत थांबा, परत चढा. असं पाच वेळा. आकडे कागदावर लिहा. डोक्यात ठेवलेत तर आवडता आकडा तेवढा लक्षात राहतो.

सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान आकडा यांत दोनशे ग्रॅमपर्यंतच फरक असेल, तर काटा घरगुती कामाला उत्तम आहे. काट्याच्या पाठीवरच्या चिठ्ठीवर तो किती ग्रॅमच्या टप्प्याने मोजतो ते लिहिलेलं असतं, बहुधा १०० किंवा ५०. शंभराच्या टप्प्याचा काटा असेल आणि खरं वजन ७१.९५ च्या आसपास असेल, तर तो एकदा ७१.९ आणि एकदा ७२.० दाखवणारच. त्या शंभर ग्रॅमवरून आनंद किंवा सुतक, दोन्ही पाळू नका. फरक पाव ते अर्धा किलो असेल तर संशय फरशीवर आणि शून्यावर. त्याहून मोठा असेल तर काटा उलटा करून बघायची वेळ आली.

आणि पाचही वेळा अगदी तोच आकडा आला, दशांशासकट? तर जास्त सावध व्हा. बऱ्याच डिजिटल काट्यांत मागचं वजन लक्षात ठेवायची सोय असते. नवीन वजन मागच्याच्या जवळपास आहे असं दिसलं की काटा सरळ मागचाच आकडा पुन्हा दाखवतो. गिऱ्हाईक खूश, काय अचूक काटा आहे! हे पकडायला एक साधी युक्ती आहे. वजन करा, उतरा, अर्धा लिटर पाण्याची भरलेली बाटली हातात घेऊन परत चढा. अर्धा किलो वाढून दिसायला हवं. दोनशे ग्रॅमच वाढलं किंवा आकडा हललाच नाही, तर काटा तुम्हाला शिळं वजन वाढतोय. असा काटा चार दिवस ढिम्म राहतो आणि पाचव्या दिवशी एकदम सहाशे ग्रॅमची उडी मारतो, आणि आपण पाचव्या दिवसाच्या जेवणाला दोष देतो. तो टाकून द्यायची गरज नाही. रोज आधी हातात चार-पाच किलोचं काहीतरी घेऊन एकदा चढायचं, उतरायचं, मग रिकाम्या हाताने चढायचं. मधला मोठा आकडा आला की मागची आठवण पुसली जाते.

फरशी

डिजिटल काट्याच्या चार कोपऱ्यांना चार पाय असतात आणि वजन मोजायचं काम हे पायच करतात. प्रत्येक पायात धातूची एक छोटी पट्टी असते. तुम्ही उभे राहिलात की ती अगदी नखभरही दिसणार नाही इतकी वाकते. पट्टीवर चिकटवलेल्या बारीक तारेचा विद्युतरोध त्यामुळे किंचित बदलतो, चारही पायांचा बदल एकत्र होतो आणि आतली चिप त्याचे किलो करते. ही सगळी मांडणी चारही पाय एका पातळीत, कडक पृष्ठभागावर, सरळ टेकलेले आहेत असं गृहीत धरून केलेली असते.

आणि आपण तो ठेवतो कुठे, तर बाथरूममध्ये. आपल्याकडच्या बाथरूमची फरशी जाळीकडे उतरती असते, कारण बादलीने आंघोळ करायची तर पाणी वाहून जायला हवं. गंमत अशी की नुसत्या उताराने फारसं बिघडत नाही. एक अंशाच्या उतारावर ७० किलोच्या माणसाचं वजन जेमतेम १० ग्रॅमने कमी दिसेल. बिघडतं ते दोन उतार जिथे मिळतात तिथे. तिथे तीन पाय टेकतात, चौथा अधांतरी राहतो, काटा डुगडुगतो आणि रबरी पाय तिरके दाबले जातात. एखादा पाय दोन लाद्यांच्या सांध्यात गेला तरी तेच. जुन्या घरातली शहाबादी फरशी तर या कामाला अजिबात घेऊ नका. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण आपण दुसऱ्याची फजिती करायला वापरतो, पण वजनकाट्याच्या बाबतीत अंगण खरोखरच वाकडं असतं.

तपासायचं कसं? काटा ठेवा आणि चारही कोपरे बोटाने एकेक करून दाबा. कुठल्याही कोपऱ्याला तो टकटक वाजला किंवा हलला तर जागा बदला. हॉलमधल्या मोठ्या व्हिट्रिफाइड टाइलच्या बरोबर मध्ये, चारही पाय एकाच टाइलवर येतील असा ठेवला की बहुतेक घरांत प्रश्न तिथेच संपतो. जागा सापडली की कोपऱ्यांपाशी पेन्सिलीने किंवा चिकटपट्टीने खूण करून ठेवा आणि रोज तिथेच ठेवा.

पायपुसणं, गालिचा, योगाची चटई, कशावरही ठेवायचा नाही. मऊ पृष्ठभागात पाय रुततात आणि काट्याचं पोट खाली टेकतं. मग काही भार पायांना टाळून थेट जमिनीत जातो आणि वजन बहुधा कमी दिसतं. स्प्रिंगच्या जुन्या काट्यावर उलट जास्तही दिसू शकतं.

डोंबिवलीच्या मावशीचा फोन आला होता, "अरे, एका रात्रीत दीड किलो वाढले मी, आणि काल तर नुसती पेज घेतली होती." जाऊन पाहिलं तर काटा बेडरूममध्ये, पलंगाच्या पायाशी, सुतळीच्या पायपुसण्यावर. सकाळी काच गार लागते म्हणून तिनेच तो तिथे मांडला होता, आणि आदल्या दिवशी कामवाल्या बाईंनी पायपुसणं धुवायला नेल्यामुळे काटा एक दिवस नुसत्या फरशीवर होता. म्हणजे एक आकडा सुतळीवरचा, एक फरशीवरचा. काटा उलटा केला तर आणखी एक गोष्ट दिसली. चारपैकी एका पायाची रबरी टोपी गायब होती आणि दुसऱ्या पायाच्या फटीत तांदळाचा एक दाणा नि केसांचं गुंतवळ अडकलेलं. दाणा काढला, गुंतवळ चिमट्याने ओढून काढलं, टोपीच्या जागी तेवढ्याच जाडीची रबरी चकती हार्डवेअरच्या दुकानातून आणून चिकटवली. त्यानंतर लागोपाठ चढलं तरी फरक शंभर ग्रॅमच्या आत. मावशीचा यावर अभिप्राय, "म्हणजे वजन वाढलेलं नाहीच?" त्याचं उत्तर काट्याकडे नव्हतं, ते पुढे येतं.

उचलून ठेवलात तर पहिला आकडा सोडून द्या

हे कारण सगळ्यात जास्त घरांत असतं आणि सगळ्यात कमी लोकांना माहीत असतं. पूर्वीच्या डिजिटल काट्यांना आधी पायाने टिचकी मारावी लागे. मग ०.० दिसे आणि त्यानंतर चढायचं. हल्लीचे काटे सरळ चढलं की चालू होतात. त्यांना शून्य मोजायला वेळच मिळत नाही, म्हणून ते मागच्या वेळी बंद होताना नोंदवलेलं शून्य वापरतात. काटा रोज एकाच जागी असेल तर यात काही अडचण नाही. पण आपण तो पलंगाखालून ओढतो किंवा दारामागे उभा करून ठेवलेला आडवा करतो. त्या उचलाउचलीत पायांवरचा ताण बदलतो आणि जुनं शून्य चुकीचं ठरतं. मग पहिला आकडा अर्धा-पाऊण किलोने इकडे किंवा तिकडे.

उपाय फुकट आहे. काटा जागेवर ठेवा, एका पायाने जरा दाबा, स्क्रीन चालू होऊन ०.० वर येऊ द्या, आपोआप विझू द्या. आता चढा. पहिला आकडा कधीच लिहायचा नाही, दुसरा लिहायचा. आणि काटा शक्यतो उभा करून ठेवू नका, त्याच्यावर बादली किंवा इस्त्रीच्या कपड्यांचा गठ्ठाही नको. पट्ट्यांवर तासन्‌तास भार राहिला की त्या लगेच मूळ जागी येत नाहीत.

उभं राहण्याबद्दल थोडंसं. पाय दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर, भार मध्यावर, नजर समोर. आकडा वाचायला वाकलात तर भार पुढच्या दोन पायांवर जातो. चांगल्या काट्यात त्याने फरक पडू नये, स्वस्तातल्या काट्यात पडतो. भिंतीला किंवा वॉशिंग मशीनला हात टेकवला तर कुठल्याही काट्यात पडतो, हे सांगायला नको, पण गुडघे दुखणारी मंडळी तोल सांभाळायला तेच करतात. त्यांच्यासाठी काटा भिंतीपासून दूर ठेवा आणि चढताना कुणीतरी हात द्या, चढल्यावर सोडा.

काटा उलटा केल्यावर काय बघायचं

रबरी टोप्या चारही आहेत का, फटीत काही अडकलंय का, एखादा पाय वाकडा झालाय का, हे झालंच. मग कोपऱ्यांची परीक्षा. पाच किंवा दहा किलोची आट्याची बंद पिशवी घ्या. आधी काट्याच्या मध्यावर ठेवा, मग एकेका कोपऱ्याकडे सरकवा. चारही कोपऱ्यांना साधारण तोच आकडा यायला हवा. तीन ठिकाणी १०.० आणि चौथ्या ठिकाणी ८.७ येत असेल तर त्या पायातली पट्टी गेली किंवा तिची तार आत कुठेतरी चेंगरली. घरी उघडून ती तार डाग देऊन जोडता येते, पण काचेला चिकटवलेला काटा उघडताना काच तडकण्याचीच शक्यता जास्त. माझं मत विचाराल तर अशा काट्याला निरोप द्यावा. (काही काट्यांना पाच किलोखालचं वजन दिसतच नाही, म्हणून परीक्षा एका किलोच्या पुडीने करू नका.)

सेलचं लक्षण सोपं आहे. अक्षरं फिकट होतात किंवा ‘लो’ असं येतं. पण ‘लो’ यायच्या आधीच काही काटे भलतेसलते आकडे द्यायला लागतात. सेल बदलून सहा महिने-वर्ष झालं असेल तर आधी तो बदला, ही सगळ्यात स्वस्त दुरुस्ती. नाण्यासारखा चपटा सेल असेल तर बहुधा तो सीआर २०३२ असतो. जुना सेल लगेच नीट टाका, लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. गिळला तर अन्ननलिकेत काही तासांत गंभीर भाजतं. पेन्सिल सेलचा काटा असेल तर पत्र्याच्या टोकांवर पांढरी-हिरवट पूड जमलीय का बघा. कापसाच्या बोळ्याला थोडं व्हिनेगर लावून पुसा, कोरडं करा, मग नवा सेल घाला.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात काटा अचानक बिघडला तर ओल हेच कारण धरून चाला. बाथरूममधून बाहेर काढा, एक-दोन दिवस पंख्याखाली कोरड्या खोलीत ठेवा. हेअर ड्रायर मारू नका, उन्हात तापवूही नका. एसीच्या खोलीतून बाहेर आणल्यावरही अर्धा-पाऊण तास जाऊ द्या, तापमान बदलताना शून्य सरकत राहतं.

आणि वजन एकदम दीडशेच्या पुढे गेलं असेल तर घाबरू नका, पाठीवरचं बटण दाबलं जाऊन काटा पौंडांत गेलाय. ७० किलो म्हणजे १५४ पौंड. बटण परत दाबा.

हे सगळं झालं की मग प्रश्न येतो, आकडा एकसारखा आहे, पण खरा आहे का? खरं सांगायचं तर वजन कमी करणाऱ्याला याची फार गरज नसते. काटा कायम आठशे ग्रॅम जास्त दाखवत असेल, तर सुरुवातही आठशे जास्त आणि शेवटही आठशे जास्त, घट तीच. तरी खात्री करायचीच असेल तर किराणा दुकान किंवा पिठाची गिरणी गाठा. व्यापारात वापरल्या जाणाऱ्या इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापन शास्त्र विभागाकडून दरवर्षी पडताळणी करून शिक्का मारून घ्यावा लागतो. घरच्या काट्याला असलं काही बंधन नाही. गव्हाची दहा किलोची पिशवी गिरणीत तोलून घ्या, दळण्याआधी, आणि तशीच घरी आणून घरच्या काट्यावर, तुमच्या हातात धरून, तोला. तुमचं एकट्याचं वजन वजा केलं की उरलेला आकडा गिरणीतल्या आकड्याशी शंभर-दोनशे ग्रॅममध्ये जुळायला हवा. गॅस सिलिंडर या कामाला वापरू नका. कड्यावर रिकाम्या टाकीचं वजन लिहिलेलं असतं आणि आत १४.२ किलो गॅस असायला हवा हे बरोबर, पण तो तेवढा आहे का हीच तर शंका असते. शिवाय काचेवर लोखंडी कडं ठेवायला जीव होत नाही.

जिममधला, डॉक्टरांकडचा आणि घरचा असे तीन काटे तीन आकडे सांगणार, ते जुळवत बसू नका. एक ठरवा. रेल्वे स्टेशनवरच्या रंगीत दिव्यांच्या यंत्रावर तर वजनापेक्षा तिकिटामागचं भविष्य वाचायलाच माणसं उभी राहायची. आणि मुलाकडे लंडनला जाताना घरचा काटा सोबत नेणार असाल, तर तिकडे गुरुत्वाकर्षण मुंबईपेक्षा अर्ध्याच्याही अर्धा टक्का जास्त आहे. ७० किलोच्या माणसाला पावणेदोनशे-दोनशे ग्रॅम तिथेच वाढून मिळतील, विमानातलं जेवण न जेवताही.

काटा ठीक, तरी आकडा नाचतो

आता दुसरी भानगड. पाच वेळा चढून फरक शंभर-दोनशेच्या आत, आणि तरी सोमवारी ७४.७, बुधवारी ७३.६. हा फरक खरा आहे. काटा बरोबर सांगतोय. फक्त तो चरबीबद्दल बोलत नाहीये.

एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० किलोकॅलरी. तूप लावलेली एक मध्यम पुरणपोळी ३०० ची धरली, तर रोजच्या पोटभर जेवणावर आणखी पंचवीसेक पुरणपोळ्या खाल्ल्या तर किलोभर चरबी चढेल. होळीलाही ते कुणाला जमत नाही. म्हणजे रात्रीत वाढलेला किलो चरबीचा असूच शकत नाही. तो पाण्याचा आणि पोटातल्या अन्नाचा असतो.

पाणी कुठून येतं? मीठ हे पहिलं. दवाखान्यातल्या सलाइनच्या एक लिटर बाटलीत ९ ग्रॅम मीठ असतं आणि शरीरातल्या द्रवाचा खारटपणा साधारण त्याच मापाचा राखला जातो. मिसळ, पापड, लोणचं, रात्री हॉटेलात जेवण अशा दिवशी चार-पाच ग्रॅम मीठ सहज जास्त जातं. ते मूत्रपिंडांनी बाहेर टाकेपर्यंत शरीर त्याच्या जोडीला अर्धा लिटर पाणी धरून ठेवतं. म्हणून रविवारच्या मटणानंतरचा सोमवार जड असतो. दोन दिवसांत ते आपोआप उतरतं.

दुसरं, पिष्टमय पदार्थ. भात, पोळी, साबुदाणा यांतली साखर शरीर यकृतात आणि स्नायूंत साठवतं, आणि साठवलेल्या प्रत्येक ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी ठेवतं. हा साठा साधारण चार-पाचशे ग्रॅमचा. भात-पोळी बंद केली की तो रिकामा होतो आणि पहिल्याच आठवड्यात दीड-दोन किलो ‘उतरतात’. परत सुरू केली की चढतात. पहिल्या आठवड्यात अमुक किलो कमी करून देऊ अशा जाहिराती याच पाण्यावर तरंगतात. उपवासाचंही तसंच. कडक उपवास केला तर दुसऱ्या दिवशी पोट आणि साठा रिकामा, काटा खाली. पारणं फेडलं की जैसे थे. एकादशी दुप्पट खाशी या प्रकारात तर खालीही येत नाही.

पाळीच्या आधीच्या दिवसांत बऱ्याच जणींचं वजन एक-दोन किलो वाढतं आणि पाळी सुरू झाल्यावर उतरतं. त्यामुळे बायकांनी या आठवड्याची तुलना मागच्या आठवड्याशी करण्यापेक्षा मागच्या महिन्यातल्या त्याच आठवड्याशी करावी. डाएटच्या पुस्तकांत हे पहिल्या पानावर छापायला हवं, छापत नाहीत. जोरात व्यायाम सुरू केल्यावर दुखऱ्या स्नायूंत पाणी साठतं. बद्धकोष्ठ, लांबचा प्रवास, जागरण यांचेही आकडे असतात.

आणि रात्री झोपताना ७४.८ असलेलं वजन सकाळी ७४.१ होतं ते कुठे जातं? लघवी सोडली तरी उरतंच. इटलीतल्या पादुआचे सँटोरिओ नावाचे वैद्य १६०० च्या सुमारास तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून जेवायचे आणि खाल्लेलं, बाहेर टाकलेलं सगळं वर्षानुवर्षं तोलायचे. त्यांचा हिशेब कधी जुळला नाही. खाल्ल्या-प्यायल्यातला बराच भाग त्वचेतून आणि श्वासातून न दिसता निघून जातो, हे त्यातूनच कळलं. रात्रीचं तुमचं वजन तसंच जातं, वाफेच्या आणि कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने.

मग नोंद कशी ठेवायची

सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, चहापाण्याच्या आधी, कमीत कमी आणि रोज सारख्या कपड्यांत. नुसती जीन्स अर्ध्या किलोच्या पुढे असते, मोबाइल खिशात राहिला तर आणखी दोनशे ग्रॅम. शून्य करून घ्या, चढा, आकडा लिहा, विसरून जा. बघायची ती आठवड्याची सरासरी.

एक उदाहरण घ्या. पहिला आठवडा, सोमवार ते रविवार : ७४.२, ७३.८, ७४.९, ७४.४, ७३.९, ७३.७, ७४.६. दुसरा आठवडा : ७४.७, ७४.१, ७३.६, ७३.९, ७३.४, ७३.५, ७४.०. सोमवारची सोमवारशी तुलना केली तर अर्धा किलो वाढलं. रविवारची रविवारशी केली तर सहाशे ग्रॅम घटलं. शनिवार धरला तर दोनशे. आठवड्यातून एकदाच वजन करणाऱ्याला यातलं कुठलं उत्तर मिळेल हे तो कुठल्या वारी काट्यावर चढतो त्यावर ठरणार. सरासरी मात्र ७४.२ वरून ७३.९ वर आली. तीनशे ग्रॅमच्या वर थोडी घट, म्हणजे दिवसाला साडेतीनशेच्या आसपास किलोकॅलरी कमी जाताहेत. चालू आहे ते बरोबर चालू आहे. मावशीला हेच करून दाखवलं. सोसायटीच्या कॅलेंडरवर ती आता रोजचा आकडा दुधाच्या हिशेबाशेजारी लिहिते आणि रविवारी नात बेरीज करून सातने भागून देते.

तीन-चार आठवड्यांच्या सरासऱ्या हलल्याच नाहीत, तरच खाण्यापिण्यात बदल करायचा. दोन दिवसांच्या आकड्यावरून भात बंद करायचा नाही. रोजचा आकडा बघून जेवणावरून मन उडत असेल किंवा सारखी धास्ती वाटत असेल तर घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी तो वाचायला सांगा आणि सरासरी तेवढी कळवायला सांगा.

स्मार्ट काट्यावरचं चरबीचं टक्केवारीचं गणित मनावर घेऊ नका. तो पायांतून अगदी सूक्ष्म वीज सोडून अडथळा मोजतो आणि त्यावरून अंदाज बांधतो. ओले पाय, भेगाळलेल्या टाचा, पाणी कमी पिणं, एवढ्यानेही तो बदलतो. पेसमेकर बसवलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी हा प्रकार टाळावा, साधा काटा वापरावा.

मात्र काही जणांनी ‘पाणीच असेल’ म्हणून सोडून द्यायचं नाही. हृदय कमकुवत असलेल्या माणसाचं वजन दोन-तीन दिवसांत दोन किलोने वाढलं, पायांवर सूज आली, आडवं पडल्यावर दम लागायला लागला, तर ते पाणीच असतं आणि म्हणूनच डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करायचा. डॉक्टरांनी तुम्हाला वेगळी मर्यादा सांगितली असेल तर ती पाळायची. डायलिसिस चालू असलेल्यांचंही तसंच, त्यांच्यासाठी दोन डायलिसिसमधली वाढ हा उपचाराचाच भाग असतो. उलट बाजूने, काहीही प्रयत्न न करता सहा महिने-वर्षभरात वजन पाच टक्क्यांनी उतरलं, म्हणजे सत्तरचं साडेसहासष्ट झालं, तर अभिनंदन स्वीकारण्याआधी तपासणी करून घ्यायची.

एवढं करूनही कोपऱ्यांच्या परीक्षेत काटा नापास होत असेल तर नवा घ्या. महागडा नको. पाय रुंद आणि एकमेकांपासून लांब असलेला, ५० किंवा १०० ग्रॅमच्या टप्प्याचा, अंक मोठे असलेला साधा काटा पुरतो. चढायची जागा खडबडीत असेल तर ओल्या पायाने घसरायला होत नाही. दुकानातून घेत असाल तर सोबत पाण्याची बाटली न्या आणि तिथेच फरशीवर ठेवून बाटलीसह नि बाटलीशिवाय चढून बघा. दुकानदार दोनदा बघेल, बघू द्या. ऑनलाइन मागवला असेल तर खोका आणि आतला थर्माकोल परत करायची मुदत संपेपर्यंत टाकू नका, आणि चारही कोपऱ्यांची परीक्षा पहिल्याच दिवशी घ्या.